शाळेचा ग्रॅज्युएशन रेट वाढला म्हणे! कितपत खरं धरायचं?

रानजाई
मंडळी, शिकागोत घर बघतोय. शहरातच राहायचं हे पक्कं आहे, त्यामुळे "नेपरव्हिलसारख्या उपनगरात जा" असले सल्ले कृपया नकोत. लेक सातवीत आहे, म्हणजे हायस्कूलचा विचार आत्ताच करायला हवा. ज्या भागात घर परवडतंय तिथल्या सरकारी हायस्कूलचं नाव पूर्वी फारसं बरं नव्हतं. आता मात्र एजंटापासून शेजारणीपर्यंत सगळे एकच सांगतात, शाळा सुधारली, ग्रॅज्युएशन रेट बघा!

अख्ख्या शहराचे आकडेही तसेच आहेत. नववीत आल्यापासून पाच वर्षांत हायस्कूल पूर्ण करणारी मुलं २०११ मध्ये ५७ टक्के होती, २०१७ मध्ये ७७.५ टक्के झाली आणि आता ८० च्या वर आहेत. नवरा म्हणतो, "इतक्या वेगाने मुलं सुधारत नाहीत, कागद सुधारतात." मला वाटतं कुणीतरी खरंच राबलं असेल. अमेरिकेतल्या शहरी शाळा जवळून पाहिलेल्यांनी जरूर लिहा.

निवांत
"नवऱ्याचं बरोबर आहे" एवढं लिहून पळतो. धागा शंभरी गाठणार.

आकडेमोड
हा रेट काढतात कसा ते आधी बघू, म्हणजे कागद कुठे सुधारता येतो ते कळेल.

नववीत आलेली मुलं मोजायची. मध्ये बाहेरून आलेली मिळवायची. दुसऱ्या शाळेत गेलेली, देश सोडून गेलेली, दगावलेली वजा करायची. उरलेल्यांपैकी किती जणांनी चार वर्षांत नेहमीचा डिप्लोमा (हायस्कूल पूर्ण केल्याचा दाखला) घेतला, ते तुमचं प्रमाण. केंद्राने २००८ मध्ये हा नियम केला आणि २०१०-११ पासून राज्यं या पद्धतीने आकडे देऊ लागली. त्याआधी प्रत्येक राज्याचा हिशेब निराळा होता, त्यामुळे फार जुन्या आकड्यांशी तुलना करूच नका. नव्या पद्धतीने देशाचं प्रमाण २०१०-११ मध्ये ७९ टक्के होतं, २०१८-१९ मध्ये ८६ टक्के. शिकागो स्वतः पाच वर्षांचं प्रमाण मिरवतं, तेव्हा दुसऱ्या शहराच्या चार वर्षांच्या आकड्याशेजारी ते ठेवलं तरी फसगत होते.

आता गंमत. समजा १०० मुलं आली आणि ६० पास झाली. प्रमाण ६० टक्के. गळालेल्या ४० पैकी १० जणांपुढे "दुसरीकडे बदली" असा कोड टाकला की छेद ९० होतो आणि प्रमाण जवळपास ६७ टक्के. एकही मूल जास्त शिकलेलं नाही. अंश वाढवायला वर्षभर शिकवावं लागतं, छेद कमी करायला ऑफिसातला एक कोड पुरतो.

तिरपागडा
आकडेमोड यांनी सांगितलेलं ह्यूस्टनमध्ये उघडउघड घडलंय. शार्प्सटाउन हायस्कूल. सुमारे १७०० मुलांच्या शाळेतून एका वर्षात ४६३ मुलं गेली आणि गळती दाखवली शून्य! कुणी म्हणे दुसऱ्या शाळेत गेलं, कुणी मायदेशी परतलं. शाळेच्याच एका उपमुख्याध्यापकाने बोंब ठोकली म्हणून २००३ मध्ये बाहेर आलं. मग राज्याने १६ शाळा तपासल्या, तर ज्यांना "गळती नाही" म्हटलं होतं त्यातली निम्म्याहून जास्त गळतीच निघाली. तोवर "टेक्सासचा चमत्कार" म्हणून त्याचा देशभर डंका वाजला होता आणि ह्यूस्टनचे शिक्षणाधिकारी रॉड पेज २००१ मध्येच देशाचे शिक्षणमंत्री होऊन बसले होते.

पाटीपेन्सिल
वाचून हसू आलं. मी सातारा जिल्ह्यात मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आपल्याकडे याला १७ नंबरचा फॉर्म म्हणतात. नववीत कच्चा दिसणारा मुलगा हेरायचा, पालकांना बोलवायचं, "याला झेपणार नाही, बाहेरून बसवा" म्हणायचं आणि दाखला हातात द्यायचा. मुलगा खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसतो, नापास झाला तर त्याच्या नावावर. शाळेच्या गेटवर मात्र "निकाल १०० टक्के, उज्ज्वल यशाची परंपरा कायम" असा फ्लेक्स.

मी ज्या संस्थेत होतो तिथे एका वर्षी असे बरेच दाखले निघाले. आमच्या कारकुनाला प्रत्येक दाखल्यावर शाळा सोडल्याचं कारण लिहावं लागायचं. तो सगळ्यांना "पालकांच्या विनंतीवरून" लिहायचा. विनंती करणाऱ्या पालकांपैकी निम्म्यांचे अंगठे होते.

झणझणीत
पाटीपेन्सिल सर, आदर आहेच, पण धागा अमेरिकेचा आहे. तिथे दहावीसारखी बोर्डाची परीक्षा नसते. बहुतेक राज्यांत शाळाच शिकवते, शाळाच मार्क देते आणि शाळाच डिप्लोमा देते. म्हणजे १७ नंबरच्या फॉर्मची गरजच काय? सरळ पास करा.

बोरीबंदर
@झणझणीत, बोर्ड असलं म्हणून काय बिघडतं? दहावीचे निकाल आठवा. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के. २०१९ मध्ये भाषा-समाजशास्त्राचे शाळेने द्यायचे २० मार्क काढून टाकले, निकाल ७७.१० टक्के. आरडाओरडा झाला, मार्क परत आले, २०२० मध्ये ९५.३० टक्के. २०२१ मध्ये कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५! परीक्षा न घेतल्यास महाराष्ट्र जवळजवळ पूर्ण साक्षर होतो हे सिद्ध झालंय.

निवांत
उरलेल्या ०.०५ टक्क्यांचं काय झालं असेल याचा विचार मी अजून करतो.

पोटोमॅककाठ
झणझणीत म्हणतात ते "सरळ पास करा" आमच्या शेजारी वॉशिंग्टन डीसीत शब्दशः झालं. बालू हायस्कूल, शहराच्या गरीब भागातलं. २०१७ च्या जूनमध्ये तिथल्या १६४ मुलांनी डिप्लोमा घेतला आणि प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून गाजावाजा झाला. त्याच नोव्हेंबरमध्ये तिथल्या रेडिओच्या बातमीदारांनी हजेरीपट काढला. निम्म्या मुलांच्या विनापरवानगी गैरहजेरीचे दिवस तीन महिन्यांहून जास्त भरत होते. एका विषयाला असे ३० दिवस चुकले की त्या विषयात नापास, असा जिल्ह्याचाच (म्हणजे शहराच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेचा) नियम होता. आणि त्याच वर्षी एप्रिलमधल्या शाळेच्या अंतर्गत ईमेलनुसार डिप्लोम्याच्या वाटेवर होती फक्त ५७ मुलं. दोन महिन्यांत ५७ चे १६४!

मग शहरभर चौकशी लागली. जानेवारी २०१८ च्या अहवालात २०१७ च्या २७५८ डिप्लोमाधारकांपैकी ९३७ जणांच्या बाबतीत नियम मोडलेले निघाले, म्हणजे तिघांत एक. ७३ टक्क्यांवर गेलेलं प्रमाण पुढच्या वर्षी ६९ च्या आसपास उतरलं.

झणझणीत
बघा! आणि रानजाई, तुमचं शिकागोही त्यातलंच असणार.

खडूफळा
मी अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात सरकारी हायस्कूलला शिकवते. (शहर सांगत नाही, नोकरी प्यारी आहे.) डीसीतल्या शिक्षकांना नावं ठेवण्याआधी आतून कसं असतं ते सांगते.

"क्रेडिट रिकव्हरी" नावाचा प्रकार असतो. सेमिस्टरला विषय गेला की मुलाला कम्प्युटर लॅबमध्ये बसवतात. स्क्रीनवर छोटा व्हिडिओ, त्याखाली प्रश्नावली, चार पर्याय. चुकलं तर पुन्हा तीच प्रश्नावली, प्रश्नांचा क्रम तेवढा बदललेला. माझ्या एका विद्यार्थ्याने अठरा आठवड्यांचा इंग्रजीचा विषय मे महिन्यात आठवडाभरात "भरून काढला". व्हिडिओ एका टॅबमध्ये म्यूट, दुसऱ्या टॅबमध्ये उत्तरं शोधणं, फोनवर बास्केटबॉल. मी विचारलं, काय वाचलंस? म्हणाला, मिस, तिसऱ्या प्रयत्नाला बी येतं.

आणि मे महिन्यात समुपदेशक बाई यादी घेऊन वर्गात येतात. "हा तुझ्याकडे ५२ वर अडकलाय, पास व्हायला कमी पडतात, काही करता येईल का?" कुणी धमकी देत नाही. पण २०१५ च्या केंद्रीय कायद्यानुसार ६७ टक्क्यांखाली प्रमाण असलेल्या शाळेवर "सुधारणा हवी" असा शिक्का बसतो, आमची मुख्याध्यापिका त्या रेषेच्या जेमतेम वर आहे, आणि तो ५२ वाला मुलगा रात्री एका गोदामात काम करतो हे मलाही माहीत असतं. तुम्ही काय कराल?

आकडेमोड
खडूफळा यांच्या ५२ वरून न्यूयॉर्क आठवलं. झणझणीत म्हणतात तसं सगळीकडे नाही, न्यूयॉर्कात राज्याची रीजंट्स परीक्षा असते. पास व्हायला ६५. पूर्वी पेपर शाळेतलेच शिक्षक तपासायचे, आणि ६० ते ६४ मध्ये आलेले काही पेपर पुन्हा तपासायचा नियमच होता. मार्कांचा आलेख काढला तर ६५ च्या अलीकडे खड्डा आणि ६५ वर मनोरा! २०११ मध्ये हे पेपरात आलं आणि राज्याने फेरतपासणी बंद केली. अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशेब काढला तर रेषेजवळचे सुमारे ४० टक्के पेपर असे वर ढकललेले होते.

पण पुढचं वाचा. हे शिक्षक बोनससाठी किंवा शाळेवरच्या दडपणापोटी करत होते का, तर तसा पुरावा सापडला नाही. ही खोड दडपण येण्याच्या आधीपासूनची होती. आणि ज्या मुलांना असं ढकललं, त्यांची हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता बरीच वाढली. उलट काही मुलं वरच्या दर्जाच्या डिप्लोम्यापर्यंत पोचली नाहीत, कारण पुन्हा बसून अभ्यास करायची वेळच त्यांच्यावर आली नाही.

पाटीपेन्सिल
आपल्याकडे ३४ मार्कांवर नापास झालेलं पोर मी उभ्या हयातीत पाहिलेलं नाही.

बोरीबंदर
सर, ते पोर "एटीकेटी" घेऊन अकरावीत गेलं असणार, किंवा "कौशल्य विकासास पात्र" ठरलं असणार. २०१६ पासून गुणपत्रिकेवर नापास हा शब्दच नाही.

झणझणीत
म्हणजे एकमत झालं. कोड बदला, टॅब उघडा, ६५ ला ढकला. रानजाई, नवऱ्याला चहा करून द्या.

रानजाई
चहा तोच करतो. पण मंडळी, एक विचारते. शिकागोचा आकडा वीस टक्क्यांनी वाढला. तो सगळा हातचलाखीने वाढवायचा तर किती शिक्षक, किती कारकून लागतील? मला पटत नाही.

आकडेमोड
रानजाई, शंका रास्त आहे, आणि शिकागोच्या बाबतीत उत्तर देता येतं, कारण तिथली चोरी पकडली गेली आणि मोजलीही गेली.

२०१५ मध्ये तिथल्या सार्वजनिक रेडिओने आणि एका निगराणी संस्थेने मिळून दाखवलं की २०११ ते २०१४ मध्ये २५ हायस्कुलांनी किमान २२०० मुलांपुढे "गाव सोडलं" किंवा "घरी शिकतो" असं लिहिलं होतं, आणि प्रत्यक्षात ती गळालेली होती. त्या ऑक्टोबरमध्ये जिल्ह्याने आकडे दुरुस्त केले. २०१४ चं प्रमाण ६९.४ वरून ६६.३ वर आलं. जवळपास तीन टक्के हवा निघाली.

पण हवा काढूनही चढ राहिला. रानजाईंनी दिलेला २०११ चा ५७ आणि २०१७ चा ७७.५ हे दुरुस्तीनंतरचेच आकडे आहेत. मग तो कशाने? शिकागो विद्यापीठात शाळांवर संशोधन करणारा एक गट आहे. त्यांनी २००५ मध्ये दाखवलं की मूल हायस्कूल पूर्ण करणार की नाही हे नववीतच कळतं. नववीअखेर पूर्ण वर्षाच्या पाच विषयांइतके क्रेडिट आणि मुख्य विषयांत सेमिस्टरचा एकापेक्षा जास्त एफ (नापास) नाही, एवढं जमलं की ते मूल "ऑनट्रॅक". अशा मुलांची पार पडण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पट. आठवीचे मार्क, वंश, घरचं उत्पन्न, कशाहीपेक्षा हा निकष जास्त अचूक ठरला. २००७ पासून जिल्ह्याने शाळांना नववीतल्या मुलांच्या नावानिशी याद्या द्यायला सुरुवात केली. कोण दोन दिवस आलं नाही, कोणाचा बीजगणितात एफ येऊ घातलाय. ऑनट्रॅक मुलं २००७ मध्ये ५७ टक्के होती, २०१३ मध्ये ८२ टक्के. ग्रॅज्युएशनचा चढ त्याच्या मागोमाग आला.

झणझणीत
नववीतले एफसुद्धा शिक्षकच देतात ना? मग "ऑनट्रॅक" पण ढकलूनच वाढवता येईल. वरच्या मजल्यावरची लबाडी खालच्या मजल्यावर आणली, एवढंच.

आकडेमोड
@झणझणीत, हा आक्षेप तिथेही घेतला गेला. पण फक्त मार्क ढिले सोडले असते तर अकरावीत होणाऱ्या एसीटी या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेत त्याचं पितळ उघडं पडलं असतं. जास्त मुलं अकरावीपर्यंत टिकली, त्यात कच्ची मुलंही आली, म्हणजे सरासरी घसरायला हवी होती. ती घसरली नाही. एसीटीचे पेपर शाळा तपासत नाही.

पोटोमॅककाठ
इथे मात्र मी झणझणीत यांच्या बाजूने. देशभराचं बघा. बारावीच्या मुलांची केंद्राची नमुना चाचणी असते. २०१५ मध्ये वाचनात "प्रवीण" ३७ टक्के, गणितात २५. २०२४ मध्ये वाचनात ३५, गणितात २२. डिप्लोमे वाढताहेत आणि वाचन-गणित जागच्या जागी किंवा खाली. शिकागो अपवाद असेल, अपवादावरून नियम नको.

खडूफळा
पोटोमॅककाठ, ती तुलना जितकी सरळ वाटते तितकी नाही. पूर्वी जी मुलं अकरावीत शाळा सोडून जायची, ती आता बारावीत बसून ती चाचणी देतात. टिकलेल्या कच्च्या मुलांमुळे सरासरी खाली दिसू शकते. अर्थात २०२४ ची घसरण एवढ्याने समजावता येणार नाही, त्यात साथीचा वाटा आहे आणि फोनचाही असावा, असं माझं मत. वर्गात रोज बघते.

आणि डिप्लोमा म्हणजे ज्ञानाचा दाखला, हे गृहीत तरी का धरता? शिकागोचेच नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी बाहेरून जीईडी परीक्षा देऊन "हायस्कूल समकक्ष" झालेल्यांचा अभ्यास केला. चाचणीत ती मुलं डिप्लोमावाल्यांच्या तोडीची, पण नोकरीत टिकण्यात आणि कमाईत गळालेल्यांच्या जवळ. म्हणजे चार वर्षं रोज सकाळी उठून शाळेत येणं यालाही काही किंमत असते. म्हणूनच मला क्रेडिट रिकव्हरीचा राग येतो. ती गणित तर शिकवत नाहीच, सकाळी उठायलाही शिकवत नाही.

पाटीपेन्सिल
खडूफळा ताई, हे आवडलं. आमच्या वेळी गुणवत्तेपेक्षा हजेरीवर आमचा जीव जास्त असायचा, लोक हसायचे. २०११ ला पटपडताळणी झाली तेव्हा राज्यभर पटावर असलेली पण वर्गात नसलेली मुलं लाखांनी निघाली. त्या तीन दिवसांत शेजारच्या शाळेतून उसनी मुलं आणल्याचेही किस्से आहेत, पण ते पुन्हा कधी.

निवांत
सर, "पुन्हा कधी" नाही, वेगळा धागा काढा. पहिला प्रतिसाद माझा.

रानजाई
सगळ्यांचे आभार, चर्चा फारच छान चालली आहे. आता माझ्यापुरतं सांगा. एका शाळेबद्दल ठरवायचंय. रेट बाजूला ठेवून काय बघू?

खडूफळा
इलिनॉयचं राज्याचं रिपोर्ट कार्ड ऑनलाइन आहे, शाळेचं नाव टाका. चार गोष्टी बघा. नववीचं ऑनट्रॅक प्रमाण. दीर्घ गैरहजेरी, म्हणजे वर्षातले १० टक्के किंवा जास्त दिवस चुकवणारी मुलं किती. राज्याच्या चाचणीचे गुण, आणि ते वर्षानुवर्षं कुठे चाललेत. शेवटी किती मुलं पुढे कॉलेजात खरोखर दाखल झाली. प्रवेश "मिळाला" हा आकडा कुणी सांगितला तर बालू आठवा. रेट वर आणि बाकी सगळं जागच्या जागी, असं दिसलं तर कागद. सगळंच थोडंथोडं हललेलं दिसलं तर काम.

आणि शाळेत जाऊन विचारा की क्रेडिट रिकव्हरी कोण घेतं. शिक्षक बसतो की फक्त पासवर्ड देणारा माणूस?

आकडेमोड
त्यात एक भर. तीन वर्षांपूर्वीचा नववीचा पट आणि आत्ताचा बारावीचा पट शेजारी ठेवा. फार मोठी तफावत असेल तर मुलं गेली कुठे ते विचारा. २०१५ च्या प्रकरणानंतर बदलीची कागदपत्रं ठेवण्याबाबत शिकागो जास्त कडक झालंय, त्यामुळे उत्तर मिळायला हवं.

रानजाई
लगेच बघितलं. नववीचा पट मोठा, बारावीचा त्याच्या साधारण दोनतृतीयांश. नवरा विजयी मुद्रेने हसतोय.

आकडेमोड
त्याला म्हणावं थांब. शिकागोत २०१० च्या सुमारास सरकारी शाळांत चार लाखांवर मुलं होती, आता सव्वातीन लाखांच्या आसपास. अनेक कुटुंबं शहर सोडून गेली. काही मुलं चार्टर (सरकारी पैशावर पण स्वतंत्र चालणाऱ्या) किंवा मार्क बघून प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळांत जातात. तफावतीवरून चोरी सिद्ध होत नाही, प्रश्न विचारायचा हक्क मिळतो. आणि शहरातून कोण गेलं, कोण आलं यानेही रेट बदलतो, हे तर आपण बोललोच नाही. शाळा तीच, मुलं वेगळी.

झणझणीत
मीही तुमच्या जिल्ह्याचं रिपोर्ट कार्ड चाळलं. साथीनंतर शिकागोत दीर्घ गैरहजेरी ४० टक्क्यांच्या आसपास आहे. दहातली चार मुलं नीट शाळेत येत नाहीत आणि दहातली आठ पास होतात. ऑनट्रॅकवाल्या आकडेमोड साहेबांनी २०१३ चं छान समजावलं, याचं समजवा.

आकडेमोड
याचं समजावता येत नाही. २०२० नंतरचा चढ २०१० ते २०१७ सारखाच आहे असं मी म्हणणार नाही. साथीत बहुतेक जिल्ह्यांनी नियम सैल केले, न्यूयॉर्कने तर रीजंट्सच रद्द केली आणि प्रमाण चढतच राहिलं. शिकागोत सैल केलेलं किती परत आवळलं, हे शाळेशाळेवर आहे.

खडूफळा
आमच्याकडे तरी आवळलेलं नाही. साथीच्या वर्षी ५० च्या खाली मार्क द्यायचा नाही असा फतवा आला, तो अजून चालू आहे. पेपर कोरा दिला तरी ५०.

रानजाई
मग हाच प्रश्न पहिला विचारते. गुरुवारी शाळेत ओपन हाउस आहे, नववीच्या शिक्षकांना भेटता येईल. कोऱ्या पेपरला किती मार्क देता, म्हणून.

निवांत
आणि ३४ देता का, तेही विचारा.